डास रविवारी चावला. डेंग्यू व्हायचा असेल तर कधी कळेल?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. रविवारी तुम्ही ठाण्याला बहिणीकडे गेला होतात. तिच्या नवऱ्याला डेंग्यू निघालाय, ताप येऊन तेव्हा चार दिवस झाले होते. संध्याकाळी पाचच्या सुमारास तुमच्या सात वर्षांच्या मुलीच्या घोट्याला डास चावला. त्याच्या पायांवर पांढरे पट्टे होते, तुम्ही स्वतः पाहिलं. आज बुधवार. मुलगी खेळतेय, जेवतेय, ताप नाही. ताप यायचा असेल तर किती दिवसांत येईल, आत्ताच रक्त तपासून घेऊ का, पपईच्या पानांचा रस आधीपासून सुरू करू का आणि शाळेत पाठवू का, असं तुम्ही विचारलंय.

आधी आकडा सांगतो. विषाणू असलेला डास चावल्यापासून साधारण ४ ते १० दिवसांत ताप येतो. क्वचित तिसऱ्याच दिवशी येतो, क्वचित चौदाव्यापर्यंत लांबतो. २०१२ साली जुन्या-नव्या नोंदी एकत्र करून एक विश्लेषण झालं होतं. त्यात सरासरी सहा दिवसांच्या जवळ आली आणि शंभरातल्या पंचाण्णव रुग्णांचा ताप तिसऱ्या ते दहाव्या दिवसाच्या मध्ये सुरू झालेला दिसला. यातल्या बऱ्याच जुन्या नोंदी फिलिपिन्समधल्या आहेत. १९२०च्या दशकात मनिलात अमेरिकी लष्करी डॉक्टरांनी डेंग्यूच्या रुग्णांना चावलेले डास ठराविक दिवस सांभाळले, मग ते स्वयंसेवक सैनिकांना चावू दिले आणि ताप कधी येतो ते टिपून ठेवलं. आज असा प्रयोग करायला कुणी धजावणार नाही, पण चावल्याची नेमकी वेळ माहीत असलेले रुग्ण मिळण्याचा दुसरा मार्गही फारसा नाही.

तुमच्या मुलीच्या बाबतीत रविवार शून्य धरा. उद्या गुरुवारपासून पुढच्या बुधवारपर्यंत लक्ष ठेवायचं. त्यानंतरच्या रविवारी चौदा दिवस पुरे होतील. तोवर ताप आला नाही तर त्या एका चाव्याचा विषय संपला.

‘त्या एका चाव्याचा’ हे मी मुद्दाम म्हणतोय. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, सकाळी आणि दिवस मावळायच्या आधी जास्त. तो खाली खाली उडतो, घोटे आणि पोटऱ्या शोधतो, आणि बहुतेक वेळा चावल्याचं कळतही नाही. मुलगी शाळेच्या बाकावर बसते, सोसायटीच्या खाली खेळते, क्लासला जाते. तुम्ही पाहिलेला चावा एक, न पाहिलेले किती, कोण सांगणार? ताप घेऊन माझ्याकडे येणाऱ्यांना मी डास चावल्याची तारीख विचारतच नाही. गेल्या दोन आठवड्यांत कुठे कुठे होतात आणि घरात, शेजारी, शाळेत कुणाला ताप आहे का, एवढंच विचारतो. म्हणून उद्या मुलीला ताप आला आणि रविवारपासूनचा हिशेब जुळला नाही, तर ‘म्हणजे डेंग्यू नाही’ असं समजू नका.

आता मेव्हण्यांकडे वळू. त्यांना चावलेला डास लगेच मुलीला चावला आणि रोग घेऊन आला, असं तुम्ही धरून चाललाय. तसं होत नाही. डेंग्यूच्या माणसाचं रक्त प्यायल्यावर विषाणू डासाच्या पोटातून त्याच्या लाळेपर्यंत पोचावा लागतो, आणि त्याला साधारण ८ ते १२ दिवस लागतात. तोवर तो डास चावला तरी डेंग्यू देऊ शकत नाही. एकदा लाळेत विषाणू आला की मात्र मरेपर्यंत देत राहतो. आता हिशेब करा. रुग्णाच्या रक्तातून डासाला विषाणू मिळू लागतो तो ताप येण्याच्या फार तर एक-दोन दिवस आधीपासून. मेव्हण्यांना ताप येऊन रविवारी चार दिवस झाले होते. म्हणजे त्यांच्याकडून विषाणू घेतलेल्या सगळ्यात जुन्या डासालाही रविवारी सहाच दिवस झाले होते. तो बहुधा अजून ‘तयार’ नव्हता.

बहुधा म्हणतोय, कारण हे हवामानावर ठरतं. २०१२च्या त्याच विश्लेषणानुसार २५ अंश तापमानात डासाला सरासरी १५ दिवस लागतात, ३० अंशांत मात्र साडेसहाच. आपल्याकडे पावसाळा सरताना साचलेलं पाणी जागोजाग असतं, त्यात ऑक्टोबरचं ऊन येतं आणि ताप वाढत जातात, त्यामागचं एक मोठं कारण हेच. उकाडा असेल तर डास लवकर तयार होतो आणि मरायच्या आधी जास्त जणांना चावून घेतो.

मग धोका नाहीच का? आहे, पण तो वेगळ्याच डासाकडून. मेव्हण्यांना ज्या डासाने डेंग्यू दिला तो त्यांना ताप यायच्या ४ ते १० दिवस आधी चावला होता. मादी डास दोन-तीन आठवडे जगते आणि जिथे जन्मली तिथून फार लांब जात नाही, शे-दोनशे मीटरच्या परिसरातच फिरते. तीच मादी रविवारी त्या घरात असू शकते. किंवा बहिणीच्या इमारतीत आणखी कुणाला आधीच डेंग्यू झालेला असेल आणि त्याच्याकडून विषाणू घेतलेले डास आता तयार झाले असतील. म्हणून बहिणीला एवढं जरूर विचारा की बिल्डिंगमध्ये गेल्या महिन्याभरात आणखी कुणाला डेंग्यू झाला का. झाला असेल तर रविवारचा चावा थोडा गांभीर्याने घ्यायचा. मेव्हणे एकटेच असतील आणि त्यांना लागण ऑफिसच्या परिसरात झाली असण्याची शक्यता असेल, तर काळजी बरीच कमी करा. साथ जोरात असतानाही बहुतेक डासांच्या अंगात विषाणू नसतो, आणि विषाणू असलेला डास चावला तरी बहुतेकांना काही जाणवत नाही. साधारण चारांतल्या एकालाच ताप येतो.

या हिशेबामुळे घराघरांत दोन तऱ्हा दिसतात. पहिलीत नवरा, बायको, मुलगा एका-दोन दिवसांच्या अंतराने तापतात. त्यांनी एकमेकांना दिलेलं नसतं. ही मादी बुजरी असते, हात हलवला की उडते आणि दुसऱ्याला चावते, पोट भरेपर्यंत दोघा-तिघांना चावून होतं. दुसरीत एक जण बरा होतो, सगळे सुटकेचा श्वास टाकतात आणि दोन-तीन आठवड्यांनी दुसरा आजारी पडतो. त्या घरात डासाने पहिल्याकडून विषाणू घेतला, आठ-दहा दिवस पोसला आणि दुसऱ्याला दिला. त्याला आणखी सहा-सात दिवसांनी ताप आला. तुमच्या बहिणीच्या घराला भीती या दुसऱ्या तऱ्हेची आहे. मेव्हण्यांना ताप असेतो, निदान पहिले पाच-सहा दिवस, दिवसासुद्धा मच्छरदाणीत झोपवायला सांगा. ते त्यांच्यासाठी नाही, घरातल्या बाकीच्यांसाठी. आणि आठवड्यातून एकदा घरातलं साठवलेलं पाणी पूर्ण ओतून भांडी घासून कोरडी करायची. पिंप, कूलर, कुंड्यांखालच्या ताटल्या आणि मनीप्लांटची बाटली सगळ्यांच्या लक्षात असते. फ्रिजच्या मागचा ट्रे कुणी पाहत नाही, म्हणून तो आधी पाहा. घासायचं अशासाठी की अंडी भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात आणि पाणी नसतानाही महिनोन् महिने टिकतात.

रक्त आत्ता तपासायचं का? नको. ताप नसलेल्या मुलीची एनएस१ तपासणी निगेटिव्ह आली तर तुम्ही निर्धास्त व्हाल आणि परवा ताप आला तर ‘आत्ताच तर तपासलं’ म्हणून दोन दिवस घालवाल. एनएस१ हा विषाणूचाच एक भाग आहे. ताप आल्यावर पहिल्या चार-पाच दिवसांत तो रक्तात सापडतो, मग कमी होत जातो. आयजीएम म्हणजे शरीराने केलेला प्रतिकार. तो तापाच्या चौथ्या-पाचव्या दिवसापासून दिसू लागतो आणि पुढे दोन-तीन महिने राहू शकतो. म्हणून पहिल्या दिवशी केलेलं आयजीएम निगेटिव्ह आलं तर त्याला अर्थ नाही, आणि दोन महिन्यांपूर्वी ताप येऊन गेलेल्या माणसाचं पॉझिटिव्ह आलं तर तो आजचा डेंग्यू असेलच असं नाही. आयजीजी हा उशिरा येणारा आणि पुढे बराच काळ टिकणारा प्रतिकार. नुसतं आयजीजी पॉझिटिव्ह म्हणजे बहुतेक वेळा कधीतरी होऊन गेलेला डेंग्यू. ज्यांना आधी एकदा होऊन गेलाय त्यांच्यात एनएस१ कधी कधी सापडत नाही. तेव्हा लक्षणं डेंग्यूची असतील तर मी रिपोर्ट बाजूला ठेवून डेंग्यू समजूनच चालतो. डेंग्यूचे चार प्रकार आहेत. एक झाला की त्याच्यापासून संरक्षण मिळतं, दुसरा मात्र होऊ शकतो आणि तो जास्त त्रास देण्याची शक्यता असते. मुलीला पूर्वी डेंग्यू झाला असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा.

चावलेल्या जागी आलेली खाज आणि गाठ ही डासाच्या लाळेची ॲलर्जी आहे. गाठ मोठी म्हणून डेंग्यू होईल, छोटी म्हणून होणार नाही, असं काही नसतं.

चावल्यापासूनच्या दिवसांचा खरा उपयोग डेंग्यू नाही हे ठरवताना होतो. चावल्यावर दुसऱ्याच दिवशी आलेला ताप त्या चाव्याचा नसतो, तो फ्लू, आधीच्या एखाद्या न पाहिलेल्या चाव्याचा डेंग्यू किंवा दुसरं काही असतं. गणपतीला किंवा दिवाळीला आलेले परदेशातले लोक मला तिकडून फोनवर विचारतात. भारतातून जाऊन तीन आठवडे झाले आणि आता ताप आला, तिथे डेंग्यूचे डास नाहीत, तर हा डेंग्यू असेल का? नाही. चौदा दिवस उलटून गेल्यावर सुरू झालेला ताप डेंग्यूचा धरत नाही. पण म्हणून घरी बसायचं नाही, कारण मलेरिया त्यानंतरही येतो, टायफॉइडही येतो. त्यांनी तिथल्या डॉक्टरांना भारतात होतो हे सांगून मलेरियाची तपासणी लगेच करून घ्यावी. इथेही कोकणात किंवा मुंबईत पुराच्या पाण्यातून चालून आठ-दहा दिवसांनी ताप आला तर मी डेंग्यूच्या बरोबरीने लेप्टोचा, म्हणजे उंदरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसचा, विचार करतो. लेप्टोवर औषध आहे आणि ते वेळेत द्यावं लागतं.

आता समजा मुलीला ताप आलाच. त्या क्षणापासून रविवार विसरा आणि तापाचे दिवस मोजायला लागा. ज्या दिवशी ताप आला तो दिवस पहिला. तारीख आणि वेळ कागदावर लिहून फ्रिजवर लावा. पुढचं सगळं त्यावर ठरतं आणि चौथ्या दिवशी घरातले तिघे तीन वेगवेगळ्या तारखा सांगतात.

डेंग्यूचा ताप सहसा अचानक आणि जोरात येतो, १०२-१०३ पर्यंत. मोठी माणसं डोकं, डोळ्यांच्या मागे, कंबर, सांधे दुखतात म्हणतात. लहान मुलं तसं सांगत नाहीत. त्यांचा चेहरा लालसर होतो, ती खात नाहीत, पोट दुखतं म्हणतात, उलट्या करतात. सर्दी-खोकला बहुधा नसतो. पहिल्या दिवसाचा सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजायची तपासणी, नॉर्मल येऊ शकतो. पांढऱ्या पेशी दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून उतरतात, रक्त गोठवायला मदत करणाऱ्या प्लेटलेट त्यानंतर. म्हणून डॉक्टरांना पहिल्या-दुसऱ्या दिवशी दाखवायचं, तिसऱ्या दिवशी सीबीसी करायचा आणि मग ताप जाऊन एक-दोन दिवस होईपर्यंत डॉक्टर सांगतील तसा पुन्हा करायचा. तापासाठी फक्त पॅरासिटामॉल, वजनाप्रमाणे, दोन डोसांमध्ये सहा तासांचं अंतर ठेवून. ब्रुफेन, कॉम्बिफ्लॅम, ॲस्पिरिन, डायक्लोफेनॅक यातलं काहीही नाही. कमरेत इंजेक्शनही घेऊ नका. ‘एक सुई मारली की ताप जातो’ हा आपल्याकडचा लाडका समज आहे, पण प्लेटलेट कमी असताना त्या सुईने स्नायूत रक्त साकळतं.

सगळ्यात जपायचे दिवस ताप चढलेला असताना नसतात. तापाच्या तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या मध्ये कधीतरी ताप उतरतो, आणि ज्यांना त्रास व्हायचा त्यांना तो उतरतानाच होतो. त्या २४ ते ४८ तासांत रक्तवाहिन्यांतून पातळ द्रव बाहेर झिरपू लागतो. रक्त घट्ट होतं, रक्तदाब उतरतो, पोटात आणि छातीत पाणी जमतं. घरच्यांना वाटतं ताप गेला, आता बरं आहे. मुलाला शाळेत पाठवतात, बाप माणूस कामावर जातो. माझ्याकडे वाईट अवस्थेत येणारे डेंग्यूचे रुग्ण बहुतेक असेच असतात, ताप उतरलेले.

म्हणून ताप उतरल्यावर मूल हसतंय, भूक लागलीय, लघवी होतेय, तर छान. ताप उतरलाय पण मूल मलूल आहे, चिडचिडं आहे किंवा नुसतं झोपून आहे, पोट जोरात दुखतंय, उलट्या थांबत नाहीत, नाकातून किंवा हिरड्यांतून रक्त येतंय, शी काळी होतेय, हातपाय गार पडलेत, किंवा चार-सहा तासांत लघवी झाली नाही, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी हॉस्पिटलमध्ये जा. यातलं एक जरी असलं तरी पुरे. सकाळची वाट पाहू नका.

प्लेटलेटबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण ताप आला की विचाराल, सगळेच विचारतात. तापाच्या पाचव्या-सहाव्या दिवसाच्या आसपास त्या सगळ्यात खाली जातात आणि मग दोन-तीन दिवसांत आपोआप वाढतात. नेमक्या त्या सुमाराला घरचे घाबरून पपईच्या पानांचा रस, किवी, शेळीचं दूध सुरू करतात, प्लेटलेट वाढतात आणि श्रेय त्या रसाला जातं. डेंग्यूच्या दिवसांत शेळीच्या दुधाचा भाव चढतो तो यामुळे. रक्तस्राव नसेल तर नुसता आकडा कमी आहे म्हणून प्लेटलेट चढवायची गरज सहसा १० हजारांच्या खाली गेल्याशिवाय पडत नाही. मी आधी हिमॅटोक्रिट पाहतो, म्हणजे रक्त किती घट्ट झालंय ते. तो वाढत असेल आणि प्लेटलेट वेगाने घसरत असतील तर ॲडमिट. प्लेटलेट ६० हजार आहेत, हिमॅटोक्रिट स्थिर आहे, मूल पाणी पितंय, लघवी करतंय, तर घरी ठेवून रोज तपासणी करता येते. पोटात दुखणारं, गुंगलेलं मूल मात्र १ लाख २० हजार प्लेटलेट असतानाही मी घरी पाठवत नाही.

पपईच्या पानांचा रस आधीपासून देण्यात काही अर्थ नाही. चावल्यानंतर डेंग्यू टाळणारं कोणतंही औषध, रस, काढा नाही. तो रस कडू असतो, मुलांना उलट्या होतात, आणि डेंग्यूत उलट्या झाल्या की त्या रसाच्या की रोगाच्या, हे मलाही ठरवता येत नाही. ताप आलाच तर पातळ पदार्थ द्या. ओआरएस, ताक, भाताची पेज, नारळपाणी, डाळीचं पाणी, थोडं थोडं आणि सतत. नुसतं साधं पाणी पुरत नाही. कोकम सरबत, बीट, डाळिंबाचा रस तेवढे दिवस टाळा. ते वाईट म्हणून नाही, तर उलटी लाल झाली की रक्त आहे का सरबत, हे कळत नाही म्हणून.

राहिली शाळा. पाठवा. डेंग्यू एका मुलाकडून दुसऱ्या मुलाला थेट लागत नाही, आणि तिला ताप नाही. गणवेशाखाली लांब मोजे घाला, उघड्या हातापायांना डास पळवणारं मलम लावून द्या, कारण हा डास शाळेच्याच वेळात चावतो. संध्याकाळी कपाळाला हात लावून पाहता तेवढं पुरेसं आहे. दर दोन तासांनी थर्मामीटर लावलात तर मुलगी आजारी न पडताच आजारी व्हायची. ताप आला तर मात्र शाळा बंद, आणि दिवसासुद्धा मच्छरदाणीत ठेवायचं, घरात तिच्याशिवाय कुणी आजारी नसलं तरी.